प्रश्नचिन्हांमधून आलेलं गाणं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझीच चिडचिड होतेय, पण लिहितो.

मी नारायणगावात घरी बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मराठी मजकूर फाईलमध्ये लिहायचा, परत वाचायचा, अक्षरं शाबूत राहिली का बघायचं... दिवसभर हेच. डोकं उठतं, राव!

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी निरगुडसरच्या वंदनाताई पेनड्राईव्ह घेऊन आल्या. सोबत धाकटा भाऊ संजू. त्यांचे वडील, आबा, भीमगीतं रचायचे. आजारपणात त्यांनी शेवटचं गाणं संजूला तोंडी सांगितलं आणि त्यानं ते लॅपटॉपवर टाईप केलं. आबा गेले, आता त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मरणाच्या कार्यक्रमाला, ताईंना ते म्हणायचं होतं.

फाईल उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं! संजूनं सेव्ह करताना चुकीचं एन्कोडिंग, म्हणजे मराठी अक्षरं साठवताच न येणारी पद्धत, ठेवलं होतं. "काही अक्षरं जातील" अशी सूचना आली, यानं न वाचता ओके दाबलं.

"अरे, निदान वाचायचं तरी!" मी ओरडलोच.

"इंग्रजीत व्हतं... मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी."

मी बाइट न् बाइट तपासला. प्रश्नचिन्ह, मोकळी जागा, पुन्हा प्रश्नचिन्ह. "ताई, अक्षरं लपलेली नाहीत, ती फाईलमध्ये नाहीतच. कुठून आणू?"

"येकदा बघा ना, भाऊ. आबांचं तेवढंच ऱ्हायलंय."

त्यांची समजूत पटावी म्हणून मी फाईल माझ्या टेस्टला लावली. आणि स्क्रीनवर स्वच्छ देवनागरी! 'लेकीच्या हाती पाटी दिली भीमानं...'

मला वाटलं, दुसरीच फाईल उघडली. नाव पाहिलं, तीच. ताईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी मोठ्यानं वाचत गेलो आणि त्या मागून चालीवर म्हणत गेल्या. संजूनं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. गाणं संपलं तसं मी घाईनं सेव्ह दाबलं. फोटो काढायचं सुचलंच नाही, एवढा टेस्टर असून! पुन्हा उघडलं तर... प्रश्नचिन्हं.

मी टेबलावर हात आपटला. टेस्ट पुन्हा लावली, मशीन बंद-चालू केलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं. काही नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. "आवाज हाय ना मोबाईलमदी? लई झालं."

संजूनं रेकॉर्डिंग लावलं. माझा रडका, सपाट आवाज आणि मागून ताईंचा. ऐकता ऐकता त्याचा चेहराच उतरला.

"भाऊ, हे शेवटचं कडवं फाईलमदी नव्हतंच."

"म्हणजे?"

"आबा सांगायला लागले व्हते. मी दमलो व्हतो, म्हटलं, उद्या टाईप करू. लॅपटॉप मिटला." तो खाली बघत राहिला. "दुसऱ्या दिवशी त्यांची शुद्धच गेली."

मोबाईलवर मीच वाचत होतो, 'धाकल्या, चाल पुढं, दिवा तुझ्या हाती...' आबा संजूला धाकल्या म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं.

लोक म्हणतात, ताईंना गाणं पाठ असेल. पण आधी मी वाचत होतो ना! आणि माझ्या सात पिढ्यांत कुणी कविता केलेली नाही. ती फाईल माझ्याकडे आहे, अजून अधूनमधून चालवतो, वैतागतो, बंद करतो. कारण सापडलेलं नाही.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. ताईंनी तीन कडवी म्हटली आणि शेवटच्या कडव्याला माईक संजूच्या हातात दिला. त्याला धड गाता येत नाही. तरी त्यानं ते म्हटलं.