पुलाचं शीड

धरणाच्या या काठाला माझी शाळा आणि पलीकडच्या काठाला माझी आक्का. धरण व्हायच्या आधी आक्काचं सासर आमच्या गावापासून पायी अर्ध्या तासावर होतं. आता अर्धापूरवरून वळसा घालून जायचं म्हणजे मोटारसायकलवर सव्वा तास लागतो आणि उतरल्यावर आपले सगळे मणके जागेवर आहेत का ते बघावं लागतं. म्हणून दर निवडणुकीला आमच्याकडे एक पूल मंजूर होतो. मी आतापर्यंत तीन पूल पाहिलेत, तिन्ही फ्लेक्सवर.

मी क्रीडाशिक्षक. म्हणजे मतदारयादीचं काम करतो, जनगणना आली की ती करतो आणि वेळ उरला तर खो-खो घेतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या धरणावर जलक्रीडा महोत्सव भरला होता. नवरात्र उलटलं की आमच्याकडे पूर्वेचं वारं सुटतं आणि सकाळभर पाण्यावर फेस उडतो. त्या वाऱ्यासाठी बाहेरगावची पोरं शिडाच्या फळ्या घेऊन आठ वाजताच तयार होती. प्रमुख पाहुणे साडेदहाला आले. मग फेटे झाले, शाली झाल्या. समई वाऱ्यानं पाच वेळा विझली, तेव्हा वारं अडवायला पाहुण्यांचीच गाडी आडवी लावली. भाषणं एक वाजता संपली आणि त्यांच्यासोबत वारंही. पोरं पाण्याच्या मधोमध शिडं धरून जागच्या जागी उभी राहिली. पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच तो खेळ.

त्या महोत्सवातली एक फळी मागं राहिली आणि 'क्रीडासाहित्य' म्हणून माझ्या शाळेत आली. दाराच्या पल्ल्याएवढी लांब फळी, तिच्यावर कुठंही वाकणारा खांब, खांबाला शीड आणि धरायला आडवी दांडी. वारं शिडाला ओढतं, शीड माणसाला ओढतं आणि माणूस पडतो, एवढ्यात सगळा खेळ आला. मी शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. पण शाळेत आलेलं साहित्य वापरणारा मी बहुधा जिल्ह्यातला पहिला शिक्षक असेन. सुट्टीच्या दिवशी लाइफजॅकेट घालून मी पाण्यात जायचो आणि मासे धरणारे भोई काठावर बसून मजा बघायचे.

"गुरुजी, पडायचंच हाय तर काठावर पडा की," एकजण म्हणायचा. "कपडे तरी कोरडे राहतेन."

दोन हंगामांत मी वारं पाठीशी घेऊन सरळ जायला शिकलो. वळायला शिकलो नाही. जिथं काठाला लागेन तिथून फळी ओढत चालत परत यायचो. बायको म्हणाली, "तुमचं सगळंच असं. जायचं कळतं, यायचं कळत न्हाई." बायकोचा तो टोमणा मला जिव्हारी लागला, कारण माझ्या मनात पलीकडचा काठ होता.

आता ते सांगायला हवं. वडील गेल्यानंतर पाण्याबाहेर उरलेलं आमचं केळीचं रान माझ्या एकट्याच्या नावावर व्हायचं होतं. त्यासाठी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची असते. आमच्याकडे सगळेच भाऊ ती घेतात आणि घेताना 'नुसती रीत हाय' असं म्हणतात. मी हुशार माणूस. मी ती सही भाऊबिजेलाच घेतली. आक्कानं मला ओवाळलं, मी ताटात साडी ठेवली आणि साडीवर कागद ठेवला. तिनं न वाचता सही केली. मग ताट उचलून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्याला आठ वर्षं झाली. दर भाऊबिजेला मी जातो, ती ओवाळते, वाढते. माझ्याकडं मात्र बघत नाही. मीही तासाभरात "लांबची वाट हाय" म्हणून गाडीला किक मारतो. सव्वा तासाचा तो रस्ता मी चारचौघांत शिव्या देऊन सांगायचो, पण खरं म्हणजे तो माझ्या फार उपयोगाचा होता. त्याच्यामुळं लवकर निघता यायचं.

या दिवाळीत तिचा फोन आला. "औंदा येऊ नको. कामून पेट्रोल जाळून राहिलास?" आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी एकदम बोलून गेलो, "गाडीवर न्हाई येत. पाण्यावरून येतो." तिनं फोन ठेवला.

आणि नेमकं पाडव्याच्या दिवशी शीड उभं फाटलं. ताडपत्री शिवणाऱ्या माझ्या दोस्तानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "फ्लेक्स लाव. फाटत न्हाई, भिजत न्हाई, कुनी विचारत बी न्हाई." बसस्टँडसमोरच्या खांबावर ताजा पूल लटकत होता. 'अखेर पूल मंजूर' असं वर मोठ्या अक्षरात, खाली हात जोडलेला नेता आणि पुलाचं चित्र. पूल परदेशातला असावा, कारण त्याच्याखालून जहाज जात होतं. तो रात्री उतरवून शिडाच्या मापानं कापताना वरचा भाग निमुळता झाला, त्यात नेत्याचं डोकं गेलं. जोडलेले हात आणि पूल तेवढे राहिले.

भाऊबिजेला सकाळी मी निघालो. साडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबाला बांधली होती. वारं असं होतं की पहिल्या झटक्यातच मी भोयांच्या डोंग्याला धडकता धडकता वाचलो. सात वेळा पडलो. फ्लेक्स ओला झाला की म्हशीएवढा जड होतो आणि उचलताना कंबर बोलते. पाचव्यांदा पडलो तेव्हा साडी गेली. मी शोधलीही, पण धरणाला काय, त्याच्या पोटात आख्खी गावं आहेत.

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मला आधी बघितलं. "पूल आला गं!" एक ओरडली, आणि बघता बघता अर्धं गाव गोळा झालं. मी काठाला लागून गुडघ्यावर बसलो तसा एक म्हातारबा पुढं आला, फ्लेक्सवर काठी आपटून म्हणाला, "चित्र लई भारी हाय. पन बैलगाडी जाईल का ह्याच्यावरून?" दुसऱ्यानं विचारलं, पुढच्या हप्त्यात खांब येणार का. मला दम लागला होता म्हणून मी नुसती मान हलवली, आणि ते सरकारी उत्तर समजून लोक परत फिरले.

आक्का गर्दीच्या मागं उभी होती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. म्हणजे तिनं वाट बघितली होती. मी उठलो. पाणी निथळत होतं, पायात चप्पल नव्हती.

"साडी पडली पाण्यात," मी म्हणालो.

"पडू दे." तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "कागद बिगद न्हाई ना आणला ह्या खेपेला?"

मी खिसे उलटे करून दाखवले. त्यातून चिखल पडला. मला हसावं की रडावं कळेना, आणि मग मी रडलोच.

"आक्का, तेव्हा माझं चुकून..."

"चुकून न्हाई," ती म्हणाली. "एक घडी पडू दिली नव्हतीस कागदाला. प्लास्टिकच्या फायलीत घालून आणला होतास."

तिनं तिथंच काठावर मला ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन राहीना, तशी ती पदर आडवा धरून उभी राहिली.

"परत कवा जायचं?"

"वारं फिरलं की."

"कवा फिरतं?"

"म्हाईत न्हाई. मला वळता येत न्हाई."

"मंग चल घरी," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

मी तीन दिवस राहिलो. दाजींनी पुलाचा फ्लेक्स सोयाबीनच्या ढिगावर घातला. लोकांच्या कामाला आलेला तो आमच्याकडचा पहिला पूल. फळी अजून त्यांच्या गोठ्यात आहे आणि मी घरी एसटीनं आलो.

तुळशीच्या लग्नानंतर मी वकिलाकडं गेलो. तिच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायचं ठरवलं. "बहिणीनं मागितलं का?" त्यानं दोनदा विचारलं, कारण असा अशील त्यानं पाहिला नव्हता. तिनं मागितलं नव्हतं. निबंधकाच्या कचेरीत आक्का दाजींबरोबर आली. मी सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला. मला वाटलं, ती पहिल्यासारखीच पटकन सही करील.

तिनं पिशवीतून चष्मा काढला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कागद वाचला. मागं रांग खोळंबली होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.