बाबांना अगस्ती सांगताना

झाशीला आमच्या क्वार्टरमागे रेल्वेची पाण्याची टाकी होती. शिमग्याच्या सुमारास, संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळी, त्या टाकीशेजारी अगस्ती दिसायचा. फार खाली, धुरात मळलेला. शेजारणीला हौसेनं दाखवला, तर म्हणाली, "होगा कोई तारा." मला रागच आला. आमच्या मालवणाकडे त्याच्यासाठी मचवा थांबतो, आणि इथं त्याला कुणी नावानं ओळखत नाही!

बाबा मचव्याचे तांडेल. नारळी पुनवेला सगळ्यांचे नारळ दर्यात पडले तरी आमचा मचवा माडाच्या झापांच्या शाकारणीखालीच असायचा. पावसाचे ढग फाटून पहाटे दक्षिणेच्या टेकडीवर अगस्ती दिसला, की बाबा त्याला तांब्याभर पाणी द्यायचे आणि मगच शाकारणी निघायची. पुढं त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. मचवा चुलतभाऊ हाकू लागला, पण बाबांनी "दिसलो" म्हटल्याशिवाय तो झापाला हात लावत नसे.

आई नव्हती, धाकटी बहीण लहान. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती बाबांच्या या डोळ्यांपायी. पण वाईट वाटलं नाही, कारण भाद्रपदात पहाटे त्यांचा हात धरून किनाऱ्यावर मी जायची. ते विचारायचे, "कसो आसा गो?" मी सांगायची, "पांढरो. टेकडेच्या वर चार बोटां." बस्स. सगळा मचवा माझ्या त्या शब्दावर पाण्यात जायचा.

मग लग्न झालं आणि मी झाशीला आले. नवरा रेल्वेच्या कारखान्यात. भला माणूस. चौथी पास बायकोला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला बसवणारा त्या काळात दुसरा कोण होता? आज हे लिहिते आहे तीही त्यांचीच कृपा. पण जीव मागं अडकलेला. बाबा खडकावर घसरले तर, तांब्या हातातून पडला तर, अशा शंका काढत बसायची. आणि एकदा गावाकडचा माणूस येऊन सांगून गेला, "आता धाकटी नेता त्यांका. काय सांगता, काय सांगता ती! आयकूक शेजारी जमतत."

शंका गेल्या, दुसरंच काही तरी येऊन बसलं. शाळा तिला मिळाली. सातवी झाली. आणि बाबांचा हातही तिलाच?

पहिल्या बाळंतपणाला गेले तेव्हा भाद्रपद लागला होता. बाबा म्हणाले, "तू दोन जिवांची, घरात र्‍हव." मी म्हटलं, "गाडयेत तीन दिस हाडां मोडून इलंय ती घरात बसूक नाय." ते हसले. "बरां, दोघींय चला."

तरी हात त्यांनी धाकटीचाच धरला. सवयीनं असेल.

वाळूत उभे राहिलो. टेकडीवर ढग फाटला, आणि अगस्ती लखलखीत समोर. मी मुद्दाम गप्प राहिले. बघू, ही काय सांगते. धाकटी नाकासमोर, भलतीकडेच बघत उभी. मग हळूच माझ्या कानाशी आली.

"ताय, इलो काय गो?"

"तुका दिसणा नाय? थंय बघ, त्या माडाच्या डावीकडे."

"माका माडूच दिसणा नाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्सां?"

"खालच्या वाडीतलो म्हातारो अगस्ती बघून आरड मारता, मगे मी सांगतंय. कोणाक सांगू नको हां. चष्मो लागलो तर माज्याशी लगीन कोण करतलो?"

"काय कुजबुजतात गो?" बाबांनी विचारलं.

मी वेळ घालवला नाही. मोठ्यानं म्हटलं, "बाबा, इलो. पांढरो. टेकडेच्या वर चार बोटां."

"बरोबर, बरोबर." बाबांनी दक्षिणेला तोंड करून पाणी सोडलं, हात जोडले. चुलतभाऊ शाकारणीकडे धावला. मचवा माझ्या शब्दावर सुटला होता. मला वाटलं, परत मिळालं सगळं.

तेवढ्यात बाबा वाळूत बसले, आणि धाकटीच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "आता तू सांग. कसो आसा?"

आणि जिला माडसुद्धा दिसत नव्हता ती सांगू लागली. "बाबानू, आज रुसलोसा. पावसात भिजान इलो आसा, अंग पुसूक कोण नाय. थरथरता. तुमका बघल्यान आणि हसलो."

"माका बघल्यान?"

"होय तर. वळाखल्यान तुमका."

बाबांचं तोंड उजळलं. न दिसणाऱ्या डोळ्यांनी ते नेमके त्या टेकडीकडे बघत होते. "आणि? आणि काय करता?"

मला अगस्ती दिसत होता. पांढरा, चार बोटं वर. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. मी खूप बघितलं.

रिकामा तांब्या लाटेशी लवंडला होता. वाकणं जड जात होतं, तरी तो मीच उचलला. त्या दोघांचं अजून संपलं नव्हतं.