गार लागतंय का?

महाडला बँकेत मी जिवंत असल्याचं सिद्ध केलं आणि तिथून चवदार तळ्यापर्यंत एकाच चपलेवर चालत आलो.

दुसरी कुठे राहिली, कधी राहिली, मला काही पत्ता नव्हता. तळ्याजवळच्या रस्त्यावर मुळ्याच्या जुड्या मांडून बसलेली एक बाई होती. तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "ओ काका, एकाच पायाचा नवस बोललात काय?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय नुसताच, धुळीने पांढरा झालेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा शेजारी उभा होता.

परत गेलो. बँकेच्या पायऱ्यांवर वॉचमनने माझी चप्पल भिंतीला टेकवून नीट उभी करून ठेवली होती. "तुमची का? मी हाका मारल्या की," तो म्हणाला. "मला वाटलं, फोनवर आहात."

फोनवर मी नव्हतो, पण फोनकडे बघत होतो हे खरं. आत काउंटरवरच्या मुलीच्या यंत्राने माझा अंगठा काही केल्या घेतला नव्हता. हायस्कुलात जन्मभर कारकुनी करून रेषा झिजल्या असणार. शेवटी तिने माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि सांगितलं, "काका, डोळे मिचकवा." मी मिचकवले. यंत्राने जरा विचार केला आणि मला जिवंत धरलं. तसा मेसेज आला. तो मेसेज वाचत वाचतच मी पायऱ्या उतरलो होतो.

घरी ही गोष्ट मी स्वतःच सांगितली, तिखटमीठ लावून. बायको पदर तोंडाला लावून हसली. पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितली, तो हसला नाही. "बाबा, विसरायला लागलात का?" म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने एक घड्याळ पाठवलं. ते मनगटावर बांधायचं. मी किती चाललो, झोपलो, माझं काळीज कसं चाललंय, हे सगळं ते आधी मुलाला सांगणार आणि मग वेळ उरला तर मला. मोबाइलमध्ये स्मरणशक्तीचे खेळही घातले. त्यांत मी चांगले गुण मिळवले. त्यामुळे चपलेचा विषय तिथेच मिटला.

साखर मला जुनीच आहे. गोळ्या चालू आहेत. रक्त तपासायचं यंत्रही घरात आहे, पण त्याच्या पट्ट्या महाग म्हणून मी ते सणासुदीला काढावं तसं काढतो. म्हणजे सण सोडून, कारण सणाच्या दुसऱ्या दिवशी काढलं तर ते खरं बोलतं. तळवे कधीपासून जड झाले होते, हे मला सांगता येणार नाही. हळूहळू आलेलं काही कळत नाही. सतरंजीवर उभं राहावं तसं वाटायचं. सतरंजी नसायची, एवढंच. वय झालं की असंच होत असेल, असं मी धरून चाललो होतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही महाडची भाड्याची खोली सोडून पोलादपूरपलीकडे कापड्याला, घरी आलो. सगळ्यांना मी सांगायचो की गावी खर्च कमी. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण लावणी. शाळेतल्या कारकुनाला एरवी कधीही रजा मिळेल, भातलावणीच्या दिवसांत मिळणार नाही. इकडे रोपं उपटायला झाली की तिकडे प्रवेश सुरू. पोरांचे दाखले, पालकांची रांग, मुख्याध्यापकांची घंटी. लग्नाआधीपासून मी चिखलात पाय घातला नव्हता. शेत चुलतभावाने सांभाळलं. निवृत्त झालो त्या पावसाळ्यात माझ्याच पेन्शनच्या कागदांनी मला महाडला आणि अलिबागला पळवलं. तेव्हा ठरवलं होतं, पुढच्या वर्षी पहिली मूठ आपण लावायची. आमच्याकडे पहिली मूठ घरच्या कर्त्याने लावायची असते. आजवर कर्ता मी फक्त रेशनकार्डावर होतो.

लावणीच्या आधी राब भाजायचा असतो. जिथे रोपं करायची त्या जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वरून बारीक माती असे थर देतात आणि एका बाजूने पेटवतात. ते धडधडून जळत नाही, धुमसत जातं. वरून राखाडी, थंड दिसतं. उन्हाळ्याच्या शेवटाला एका सकाळी, वारा सुटायच्या आत, चुलतभावाने आमचा राब पेटवला. मी हातात काठी घेऊन हजर होतो. आमच्याकडे शेतात वहाणा घालून कुणी उतरत नाही. मीही बांधावर चपला काढल्या आणि या वेळी दोन्ही काढल्या आहेत ना, ते बघून घेतलं.

मधे एक ढीग न जळता तसाच राहिला होता. तो उलटावा म्हणून मी आत गेलो. काठीने उलटला. नीट भाजला जातोय का, ते बघत डावा पाय पुढे रोवून उभा राहिलो. वास आला. मी पलीकडे ओरडून विचारलं, "अरे, सकाळीच कोंबडी कोण भाजतंय?"

चुलतभावाने वळून बघितलं आणि हातातलं फावडं टाकलं. "दादा, भायेर ये! खाली इंगळ हाय! भायेर ये रे!"

मी हसलो. मला वाटलं, शहरातून आलेल्या कारकुनाची चेष्टा चाललीय. सावकाश बाहेर आलो, काठी झटकली, चपला घातल्या. शेजारच्या शेतातले दोघे धावत बांधावर आले होते.

"चटका नाय बसला?" एकाने विचारलं.

"नाही."

"लई टणक मानूस हाय," दुसरा म्हणाला. "आमी नुस्ता शाळंतला समजलो."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणी मला टणक म्हणायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. घड्याळही मनगटावर थरथरलं आणि आजचं चालणं पूर्ण झालं म्हणून त्याने अभिनंदन केलं. चुलतभावाने मात्र फावडं तसंच पडू दिलं. तो माझ्या मागेमागे घरापर्यंत आला.

पडवीत लादी आहे. बायको तांदूळ निवडत बसली होती. मी आत आलो, चपला काढल्या, पाणी प्यायला माठाकडे गेलो. तिने लादीकडे बघितलं.

"पाय कुठं भिजवून आलात?"

"कुठे नाही."

लादीवर दाराकडून माठापर्यंत ओले ठसे होते, फक्त डाव्या पायाचे. तिने सूप बाजूला ठेवलं. मला खुर्चीत बसवलं आणि पाय उचलून मांडीवर घेतला. मग तळवा उजेडाकडे वळवला. चुलतभाऊ दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, मी हाका मारल्या." त्या पायाला हाका मारणारे आता दोघे झाले होते.

तिने परात आणली, माठातलं पाणी ओतलं, पाय त्यात धरला.

"गार लागतंय का?"

मी विचार केला. खरंच विचार केला, उत्तर आठवावं तसा. "असेल," म्हणालो.

"असंल नाय. लागतंय का?"

"माठातलं आहे म्हणजे गारच असणार की."

तिने डोळे मिटायला लावले. "कुठलं बोट धरलंय?" मी म्हणालो, मधलं. उघडून बघतो, तर तिने कुठलंच धरलं नव्हतं. तिचे दोन्ही हात परातीच्या कडेला होते.

मुलाला फोन लावला, चेहरे दिसतात तसला. तिने कॅमेरा माझ्या तळव्यावर धरला. तिकडून काहीच आवाज येईना. "नेटवर्क गेलं वाटतं," मी म्हणालो. बायकोने फोन हलवला, खिडकीशी नेला. "गेलं नाहीये, आई," तो हळूच म्हणाला. "दिसतंय मला."

महाडला नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाएवढी मुलगी. तिने जखम धुतली, बांधली. मग एक नायलॉनचा दोरा काढला, गळाला असतो तसा. "डोळे मिटा. पायाला हा लागला की हो म्हणायचं. काकू, तुम्ही बोलायचं नाही."

परीक्षा म्हटल्यावर मी सावध झालो. जन्मभर परीक्षांचे निकाल लिहिलेत, नापास व्हायचं नाही हे पक्कं होतं. एक अंदाज धरला आणि मधे जरा जरा वेळ सोडून म्हणत गेलो, "हो... हो... हो." कुठे शंका नको म्हणून एकदा "हो, हो" असं दोनदाही म्हणालो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी कंटाळून डोळे उघडले. डॉक्टर पलीकडे टेबलाशी बसून लिहीत होती. दोरा पेल्यात ठेवून झाला होता. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

पाय राहील, डॉक्टर म्हणाली. लवकर आलात. पण साखरेने गेलेली जाणीव परत येईल असं धरू नका. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. रोज कुणीतरी तळवे तपासायचे. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघायचं. आणि चिखल तर अजिबात नाही.

"लावणीपुरता?" मी विचारलं.

"काका, आत काच असली तरी तुम्हाला कळणार नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. काही वाटलं नाही. येताना एसटीत मी मेडिक्लेमच्या हप्त्याचा विचार करत बसलो. तो भरलाय की नाही, आणि राबात उभं राहणं हे अपघातात धरतात की मूर्खपणात, असं काहीतरी. मुलाने सांगितलं, भरलाय, पैशाचं मनात आणू नका. मग तेही मनात आणायला उरलं नाही.

खास चपला घेतल्या. काळ्या, जाड तळाच्या, पट्टा चर्रकन उघडणाऱ्या. त्यांची किंमत ऐकून मला वाटलं, दोन पायांची नाही, दोन माणसांची आहे. अडचण आली ती स्वयंपाकघरात. आमच्या घरी तिथे वहाण चालत नाही, आणि देव तिथेच आहेत. बायकोने नवाकोरा जोड मोरीत नेऊन घासला, पुसला, वाळवला आणि मला आणून दिला. "ह्या वहाणा नव्हं," ती म्हणाली. "औषध हाय. घाला नि या आत." देवांनी काही हरकत घेतली नाही.

रोज दिवेलागणीला ती माझे पाय मांडीवर घेते. मोबाइलची बॅटरी लावून तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. मी तेवढ्यात बातम्या बघतो. अंघोळीचं पाणी आधी तिच्या कोपराला विचारून मग माझ्याकडे येतं. गावात मात्र माझं नाव वेगळंच झालं. पोलादपूरच्या बाजारात एकाने ओळख करून दिली, "हे आमचे दादा, इंगळावर चाललेले." मी मान हलवली. खरं सांगायला पाय दाखवावे लागले असते.

जखम भरली. लावणी आली. चुलतभावाने गमबूट आणून दिले. "हे घाल, दादा. तुजी मूठ ऱ्हायला नको."

बायकोने बूट हातात घेतले, आत हात घालून बघितला. "वरून पानी शिरंल. वल्या बुटात पाय कुजंल. डाक्टरीन काय बोलली?" तिने ते परत दिले.

त्या दिवशी मी बांधावर होतो, काळ्या चपला घालून. शेतात चिखलणी होऊन पाणी साचलं होतं. बाया रोपांच्या मुठी घेऊन ओळीने उभ्या होत्या. कर्त्यासाठी थांबल्या होत्या. चुलतभावाने नारळ फोडला आणि एक मूठ माझ्या हातात दिली. सगळे माझ्याकडे बघत होते. इंगळावर चाललेला माणूस चिखलाला कशाला थांबेल?

मी खाली वाकलो आणि डाव्या चपलेचा पट्टा ओढला. चर्रकन आवाज आला. पाय बाहेर काढला. एकच पाऊल, काठाशीच, असा माझा हिशेब होता. पाय पाण्याच्या वर वीतभर अधांतरी होता.

बायको ओरडली नाही. ती शेजारी आली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि माझ्या हातातली मूठ काढून घेतली. "चप्पल घाला ती," म्हणाली. मग ती उतरली. वाकून, मूठ सोडवून, तिने रोपं लावली. सावकाश, एकेक चिमूट. ओळीतली एक म्हातारी हसून म्हणाली, "काय गो, आज कर्ती तू?"

"व्हय," ती म्हणाली. "त्यांचे पाय आता माझ्याकडं हायेत."

मी पट्टा लावला. तिथेच खाली बसलो. बाया पुढे सरकत गेल्या. मला काय वाटत होतं, ते मी शोधत होतो, पण चिखलाच्या वासापलीकडे काही सापडत नव्हतं.

मग ती वर आली, माझ्या शेजारी बांधावर बसली आणि पाटाच्या पाण्यात पाय सोडून घोटे चोळायला लागली. माझ्याकडे न बघताच तिने सांगायला सुरुवात केली.

"वरचं पानी कोमट हाय," ती म्हणाली. "खाली चिखल गार. बोटांच्या मधनं वर येतो तवा गुदगुल्या होतात, तुमाला म्हायती असंल. नि एक खेकडा चावला. तो तुमच्या वाटनीचा व्हता."