सासऱ्यांचं भजन मध्येच थांबलं

साक्षात्कार, चमत्कार असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायच्या निमित्ताने सरळ उठते. अजूनही उठते. पण हे माझ्याच घरात घडलं, तेही भर दुपारी... म्हणून लिहितेय.

आमचं घर ब्राह्मणपुरीला, शहादा तालुक्यात. घरात मी, हे आणि सासूबाई. माझं बीपी वाढलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी ध्यान करायला सांगितलं. आधी मोबाइलवर ॲप घेतलं. त्यातली बाई 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणाली की माझं लक्ष हमखास कुकरच्या शिट्टीकडे! शेवटी सासऱ्यांच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावून बसू लागले. सासरे आता नाहीत. गावच्या भजनी मंडळात मृदंग त्यांच्याकडे असायचा. भजन मध्ये मोडायचं नाही, हा त्यांचा नेम. फक्त गावात कुणावर प्रसंग आल्याचा निरोप आला, तरच ते मृदंगावर तळहात मारायचे. टाळ जागच्या जागी बंद, आणि सगळी मंडळी उठून त्या घराकडे धावायची.

त्या दिवशी एकादशी होती. ह्यांना डायबेटिस, इन्सुलिन चालू. उपास करायचा नाही असं शंभरदा बजावलेलं, पण ऐकतील ते हे कसले! वाढू का विचारलं तर भावाकडे जेवून आल्याचं सांगितलं, "मी भाऊकडे जेवी उनू." आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. मी बाहेरच्या खोलीत भजन लावून डोळे मिटले.

भजन रंगात आलं आणि — धाप्! मृदंगावर तळहात. टाळ बंद. सगळं चिडीचूप.

मोबाइल हँग झाला वाटतं, म्हणून वैतागले. पण डोळे उघडले नाहीत — कधी नव्हे ते ध्यान लागलेलं! तेवढ्यात बाहेर ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "भजन काबरं थांबनं वं? कोनले काय व्हयनं? ऊठ, देख!"

डोळे खाडकन उघडले. मोबाइल बघितला तर रेकॉर्डिंग चालूच होतं, सेकंद पुढे सरकत होते, फक्त आवाज नव्हता. मी आत धावले. हे घामाने निथळत होते, हात थरथरत होते, नजर भलतीकडेच.

"अहो, खरं सांगा, जेवलात का?"

"...उपास शे ना," कसंबसं एवढंच.

माय वं! उपाशीपोटी इन्सुलिन, रक्तातली साखर उतरलेली! डबा उपडा केला, अर्धी साखर जमिनीवर, अर्धी पाण्यात. चमच्याचमच्याने पाजत राहिले. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. बऱ्याच वेळाने ह्यांनी माझा हात धरला, "बस," म्हणाले... आणि बाहेरच्या खोलीत टाळ पुन्हा वाजायला लागले.

मग शहाद्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "झोपलेत समजून तसंच राहू दिलं असतं तर..."

ते रेकॉर्डिंग नंतर कितीदा ऐकलं. कुठेही थाप नाही, खंड नाही. बाहेरगावी असलेला मुलगा फोनवर म्हणतो, "मम्मी, हँगच झाला असेल." असेल बाबा! पण हँग झालेला मोबाइल मृदंगावर हात मारतो का? भजन कुणी थांबवलं, असं सासूबाईंना विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यास्नी बंद करं, मी आयकं. आते काय इचारस?"

डॉक्टरीणबाई विचारतात, ध्यान लागतं का? कसलं लागतंय! भजन त्या जागेवर आलं की डोळे आपोआप उघडतात. मी आतल्या खोलीकडे बघून हाक मारते, "अहो?"

आतून "हां, शे" आलं की पुढचं ऐकते.