पाय कोणता मोडला होता

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात मी एम.ए. करायला पुण्याला निघाले, तेव्हा अण्णा मला मोटारसायकलवरून आळेफाट्याला सोडायला आले. एसटी लागल्यावर त्यांनी बॅग आत टाकली, खिडकीशी आले आणि म्हणाले, "घरातलं घरात ठिव. कुनाला काय सांगत बसू नको." बरोबरच्या मुलींना त्यांच्या वडिलांनी नीट जेव, पत्र टाक असं सांगितलं होतं. आमच्या घरात सांगू नये असं काय आहे, हे विचारायच्या आत गाडी हलली.

संशय मात्र जुना होता. मी सात वर्षांची असताना आई चार महिने घरात नव्हती. मला पिंपरी पेंढारहून घोडेगावला मामाकडं नेऊन ठेवलं होतं. आई वावरात पडली, पाय मोडला, पुण्याच्या इस्पितळात आहे, असं मामी सांगायची. आई आली ती सरळ चालत आली. काठी नाही, लंगडणं नाही, कसली खूण नाही. ती न्हाणीत पाय घासायला बसली की मी दाराआडून बघायचे. काहीतरी खोटं आहे एवढं कळत होतं. कोण खोटं बोलतंय ते कळत नव्हतं. म्हणून मी सगळ्यांपासूनच लांब राहू लागले, आईपासून जरा जास्त. गावातल्या चुलत भावंडांना मी अबोल वाटायचे, ते यामुळं.

शिक्षण झाल्यावर पुण्यातल्या एका शाळेत समुपदेशक म्हणून लागले. तिथं एक मुलगी रोज डबा फेकून द्यायची. मी तिला चौरस आहाराचा तक्ता करून दिला. ती तक्त्याकडं बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर तक्ताही कचऱ्यात सापडला. आपल्याला काही येत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. त्याच वर्षी मी सायकोडायनॅमिक कौन्सेलिंगच्या कोर्सला नाव घातलं. माणूस आज असा का वागतो, लहानपणीचं काय त्याच्या आत दडून बसलंय, हे त्याच्याच बोलण्यातून हळूहळू उलगडायचं, अशी ती पद्धत. अट एकच अवघड होती. शिकणाऱ्यानं स्वतःही दर आठवड्याला एका अनुभवी बाईंपुढं बसून बोलायचं.

हे कळल्यावर अण्णा न कळवता पुण्यात आले. त्यांना वाटलं, पोरगी कुठल्या बुवाच्या नादी लागली. मी त्यांना आमच्या क्लासची खोली दाखवली. दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, टेबलावर कागदी रुमालांचा खोका. त्यांनी पडद्यामागं बघितलं, खोक्यात बघितलं.

"औषध कुठंय?"

"औषध नसतं. बोलायचं असतं."

"कशाबद्दल?"

"घराबद्दल, लहानपणाबद्दल."

त्यांचा चेहरा उतरला. "आन ती बाई लिहून ठिवती का?"

मी म्हटलं, ठेवत असतील. ते पाणीसुद्धा न पिता उठले. त्यानंतर मी गावी गेले की ओट्यावरची बोलणी थांबायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाई, आमच्या मनातलं वळखू नको हां." हसत म्हणायच्या, पण पदर सारखा करून बसायच्या.

खरं सांगायचं तर कोर्ससाठी ज्यांच्यापुढं बसून बोलायचे, त्या बाईंवर माझाही विश्वास नव्हता. त्या सदाशिव पेठेतल्या, बोलणं शुद्ध. माझ्या तोंडून चुकून "व्हतं" गेलं की मी जीभ चावायचे. त्या गप्प बसायच्या ते मला डाव वाटायचा. शेवटी सगळं आईवर ढकलतील अशी माझी खात्री होती. पाच महिने मी त्यांना शाळेच्या गोष्टी सांगून वेळ काढला. एकदा बोलता बोलता आईच्या पायाचं निघालं. बाईंनी विचारलं, "पाय कोणता?"

मला सांगता येईना. उजवा की डावा, मी वीस वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी गाव गाठलं. आई पडवीत बाजरी निवडत होती. मी समोर बसले. "आई, तुझा कोणता पाय मोडला होता?"

तिचा हात सुपातच राहिला. "पाय? कुनी सांगितलं पाय मोडला?"

"मामीनं. मी घोडेगावला होते तेव्हा."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला तर घरचे म्हनले, पोरीला खरं सांगितलंय. म्हनून तू जवळ येत न्हाईस, असं मला वाटायचं. आईला येड लागलं व्हतं म्हनून पोर भिती."

मग तिनं सांगितलं. माझ्या पाठीवर एक मुलगा झाला होता, तो नवव्या दिवशी गेला. तिनं खाणं सोडलं, बोलणं सोडलं, दिवसभर विहिरीच्या कडेला जाऊन बसायची. घरच्यांनी घाबरून तिला मनाच्या आजारांच्या इस्पितळात ठेवलं. "तुझे अण्णा दर रविवारी यायचे," ती म्हणाली. "आया सांगायची, तुझा मालक फाटकाशी बसलाय. पन आत कधी आले न्हाईत. लाज वाटली असंल." एवढं बोलून तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. मी तिच्या शेजारी सरकून बसले. बाजरी निवडून होईपर्यंत दोघीही उठलो नाही.

कोर्स पुरा झाला, पुण्यात माझी स्वतःची दोन खुर्च्यांची खोली झाली. गाव सोडून आलेली पुष्कळ माणसं तिथं येतात आणि आधी दार नीट लागलंय का बघतात. मी त्यांना घाई करत नाही. अण्णांनी मात्र चार-पाच वर्षं माझ्या कामाचा विषय काढला नाही. परवाच्या दिवाळीनंतर कांदे साठवायच्या चाळीत आम्ही दोघं सडके कांदे वेचत होतो, तेव्हा ते वर न बघता म्हणाले, "त्या बाईला माझं काय सांगितलं?"

"तुम्ही दर रविवारी फाटकाशी बसायचात, एवढं सांगितलं."

त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "बायकांचा वार्ड व्हता. गड्यामानसाला आत सोडत नव्हते," ते म्हणाले. "हे बी लिहायला सांग तिला."

"आईला हे माहीत आहे?"

"म्हंजे? तिला म्हाईत असनारच की."

"नाही अण्णा. तिला वाटतं, तुम्हाला लाज वाटली."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. धोतराला हात पुसले आणि घराकडं चालू लागले, नेहमीपेक्षा भरभर. घर कुठलं असं पुण्यात कुणी विचारलं की मी अजून पिंपरी पेंढारच सांगते. पूर्वी सांगताना मनात एक दार बंद असायचं. अण्णा आत आईकडं गेले. मला त्यांच्या मागोमाग जावंसं फार वाटलं, पण मी चाळीतच बसून राहिले आणि उरलेले कांदे वेचले.