होडीवाल्याच्या पत्राची घडी

“थांब,” रूथ म्हणाली. “हलवू नकोस.”

मी थांबले. माझ्या हातांवर पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर दोनशे वर्षांहून जुनं एक पत्र, आणि त्या पत्राच्या मधल्या घडीवर बोटभर फट उघडली होती. फटीतून खालचा पुठ्ठा दिसत होता.

मी पेपर कॉन्झर्वेटर आहे. जुने कागद दुरुस्त करायचे आणि ते आणखी बिघडू द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम. पुण्यात केमिस्ट्री केली, हे काम सिडनीच्या एका युनिव्हर्सिटीत शिकले, आणि आता इथल्या एका लायब्ररीत कॉन्ट्रॅक्टवर होते. त्या वेळी आमच्याकडे अमेरिकेतून एक प्रदर्शन आलं होतं. तिकडच्या सुरुवातीच्या एका राष्ट्राध्यक्षाला सामान्य लोकांनी लिहिलेली पत्रं. रस्ते, टपाल, कर, लढाई होणार की नाही, ज्याला जे बोचत असेल ते त्याने थेट देशाच्या प्रमुखाला कळवलेलं.

माझ्या हातातलं पत्र एका होड्या बांधणाऱ्या माणसाचं होतं. सरकारने परदेशी व्यापाराला बंदरं बंद केली होती आणि त्याचं काम बसलं होतं. अक्षर ओबडधोबड, भाषा नम्र, पण मुद्दा सरळ: तुमचं चुकतंय. मागच्या बाजूला पत्र पोचल्याची छोटीशी नोंद होती. म्हणजे कुणीतरी ते घेतलं होतं आणि जपून ठेवलं होतं. मला ते पत्र फार आवडलं होतं. म्हणूनच क्रेटमधून ते पहिलं काढलं.

त्या काळी अशा पत्रांना पाकीट नसायचं. कागदच घडी घालून, लाखेने बंद करून पाठवायचे. त्यामुळे घडी हीच त्या कागदाची सगळ्यात कमजोर जागा. त्यात शाई मायफळाची. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ना, तसल्याच मायफळात लोखंडाचे क्षार घालून ती करायचे. ही शाई हळूहळू कागद खाते.

अशी पत्रं कुरियरबरोबर येतात. कुरियर म्हणजे दारात पार्सल टाकून जाणारा नव्हे. ज्यांचा माल, त्यांचा माणूस क्रेटच्या सोबतीने प्रवास करतो आणि क्रेट उघडताना समोर उभा राहतो. रूथ तशी आली होती. साठीच्या पुढची, बारीक कापलेले केस, बोलणं मोजकं. पत्र निघण्यापूर्वी त्याचा कंडिशन रिपोर्ट करतात: डाग कुठे, भोक कुठे, फोटोसकट. इथे पोचल्यावर तो समोर ठेवून पुन्हा तपासायचं. रिपोर्टमध्ये नसलेलं काही सापडलं, तर ते वाटेत झालं किंवा उघडणाऱ्याच्या हातून.

रिपोर्टमध्ये फट नव्हती. फोटोतही नव्हती.

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि माझी बॉस ट्रेसी हिला बोलावलं. ट्रेसीने पत्र आणि रिपोर्ट, दोन्हीकडे बघितलं.

“उचलण्याआधी फट होती?” तिने मला विचारलं.

“मला दिसली नाही.”

“म्हणजे नव्हती?”

“ते नाही सांगता येत.”

तिने डोळे मिटून घेतले. तिचीही अडचण होती. प्रदर्शन त्याच आठवड्यात उघडायचं होतं. पत्रं देणाऱ्या अमेरिकन संस्थेला वाटलं असतं की आमचे हात नीट नाहीत, तर त्यांनी सगळीच पत्रं परत मागितली असती. शिवाय माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा कागद तिच्याच टेबलावर होता.

“आता कुणीही हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “अमेरिकेत लोक झोपलेत. उद्या सकाळी फोन करू.”

रूथने तो रिपोर्ट उचलला आणि बॅगेत घातला.

ट्रेनने गिरावीनला घरी आले. नवऱ्याने, अमितने, तोंड बघूनच चहा ठेवला. मी सगळं सांगितलं.

“पण तुझ्या हातून नाही ना झालं?” तो म्हणाला.

“तेच तर माहीत नाही.”

“तू किती सांभाळून काम करतेस.”

“सांभाळूनही फाटतं अरे.”

“Aai, just say sorry,” मुलगी सोफ्यावरून म्हणाली. तिच्या शाळेत तेवढ्यावर भागतं.

सकाळी पोचले तर रूथ लॅबच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, “फोन करण्याआधी मला मायक्रोस्कोप हवा. आणि तू माझ्या शेजारी बस.”

तिने आधी टॉर्च आडवा धरला, कागदाच्या अगदी पातळीत. वरून प्रकाश टाकला की कागद सपाट दिसतो. बाजूने टाकला की प्रत्येक सुरकुती सावली टाकते. मग ती मायक्रोस्कोपवर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाली, “बघ.”

मी बघितलं. ताजा फाटलेला कागद आतून उजळ असतो, धाग्यांचा भुसभुशीत पिंजलेला कापूस दिसतो. इथे धार करडी होती. धागे झिजून बसलेले, त्यांत जुनी धूळ. ही फट जुनी होती. दोन्ही कडा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की वरून घेतलेल्या फोटोत दिसल्याच नसत्या. मी उचलल्यावर त्या फक्त उघडल्या.

मी सुटले होते. फट इथली नव्हे, म्हणजे ती तिकडे तपासताना राहून गेलेली. आणि रिपोर्टखाली सही रूथची होती. ती गप्प बसली असती तर माझ्या शब्दाला तिच्या कागदापुढे काय किंमत होती? फार तर दोन्ही संस्थांनी महिनोन् महिने ईमेल केले असते.

ट्रेसी आत आली. रूथने तिलाही बघायला लावलं आणि म्हणाली, “ही इथे झालेली नाही. रिपोर्ट मी केला होता. माझ्याकडून राहिलं.”

“नक्की?” ट्रेसीने विचारलं.

“नक्की. हिने पत्र नीट उचललं. मी समोर होते.”

मग तिने आमच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला आणि तिच्या साहेबांना तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, आता काय करायचं? रूथ म्हणाली, “इथली कॉन्झर्वेटर दुरुस्त करेल. मी बघितलंय तिचं काम.” तिने माझं काम फक्त आदल्या दिवशी, तेही अर्धवट बघितलं होतं.

परवानगी मिळाली. जपानी टिश्यूच्या पातळ, चिवट कागदाची बारीक पट्टी, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि पाणी शक्य तितकं कमी, कारण ओल लागली की ती शाई पसरते. रूथ शेजारी बसून होती. एकदाच बोलली, “आणखी थोडी कोरडी कर.” तिचं बरोबर होतं.

मी हात धुताना तिला विचारलं, “तू फोनवर असं सरळ का सांगितलंस?”

“मग काय सांगणार होते?” ती म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

निघण्यापूर्वी ती आमच्याकडे जेवायला आली. पेंडल हिलच्या दुकानात मेथी मिळाली होती, मी थालीपीठं लावली. तिने तीन खाल्ली आणि अमितकडून तवा कुठला ते विचारून घेतलं.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. होडीवाल्याचं पत्र मधल्या काचपेटीत होतं, आणि लोक वाकून ते वाचताना मी लांबून बघितलं. ट्रेसीने माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. रूथ पुढे रिटायर झाली. मी तिला दर वर्षी कार्ड पाठवते, आणि तिचं दोन ओळींचं उत्तर येतं.

आता आमच्या लॅबमध्ये नवीन कुणी आलं की मी एकच नियम सांगते. आधी टॉर्च आडवा धरायचा, मग हात लावायचा. बाकी समोर कुरियर कोण उभा राहणार, ते आपल्या हातात नसतं.