बाईंनी ऐकवलेली ताई

माझी मोठी बहीण जन्मापासून बहिरी होती आणि म्हणून मुकीही. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. बहिऱ्या मुलांची शाळा नागपूरला. तिथे तिला एकटीला ठेवायचा आईला धीर झाला नाही. मग त्या दोघींनी मिळून घरातच एक हातांची बोली तयार केली. कपाळावर बोट टेकवलं की आई. नाक चिमटीत धरलं की मी, कारण मला बाराही महिने सर्दी. आमची भांडणंही याच बोलीत व्हायची. हरायची वेळ आली की ताई डोळे मिटून घ्यायची. मग तिला काही सांगायची सोयच उरायची नाही.

बाबा गेल्यावर आम्ही तिघी नागपूरला, नंदनवन भागात राहायला आलो. मागच्या पावसाळ्यात ताईला डेंग्यू झाला. आयसीयूत तिनं सलाईनच्या नळ्या उपसू नयेत म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. "हात बांधले तं ती बोलन कशी?" आई प्रत्येक नर्सला विचारत राहिली. ताई आमच्याकडे बघायची, बोटं हलवायची, पण त्यातून काही कळायचं नाही. ती तशीच गेली.

आईनं जेवण टाकलं. ते बघून मावशी तिला एका बाईंकडे घेऊन गेली. त्या गेलेल्या माणसांशी बोलतात, असं मावशीनं ऐकलं होतं. माझा विश्वास नव्हता, पण आईला एकटं सोडवेना म्हणून मीही गेले.

फ्लॅटचा हॉल, एसी, पडदे ओढलेले. बाईंनी ताईचा फोटो मांडीवर घेतला. "पोटात त्रास होता ना? की ताप?" असं चाचपत त्या मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ताप म्हणताच मावशीची मान हलली. मग बाईंनी डोळे मिटले आणि आवाज बारीक केला.

"आई, मी सुखात आहे गं. माझं लग्न राहिलं म्हणून रडू नकोस."

मला हसू आलं आणि लगेच संताप. आई मात्र तोंडाला पदर लावून ऐकत होती.

घरी जाताना ऑटोत मी म्हटलं, "आई, ताई जन्मात एक शब्द बोलली नाही. आणि ही बाई तिच्या तोंडी लग्न घालून राहिली."

"मले मालूम आहे ना," आई म्हणाली. "मी का बहिरी आहो?"

"मग?"

"इतकी वर्षं तिनं मले तोंडानं आई म्हटलं नव्हतं वं. आज कोणीतरी म्हटलं. म्हणू दे ना."



त्या रात्री आई पोटभर जेवली. आठवडाभरानं तिनं पुन्हा जायचं म्हटलं, तेव्हा मी अडवलं नाही. मधल्या काळात मावशीनं भाबडेपणानं बाईंना फोन करून विचारलं होतं, की पोरगी तर मुकी होती, मग बोलली कशी?

या खेपेला बाई तयारीत होत्या. "आज ती तिच्या भाषेत बोलणार," म्हणाल्या. फोटो मांडीवर घेऊन त्यांनी हात हवेत फिरवायला सुरुवात केली. बोटं उमलवली, छातीशी नेली, आभाळाकडे उचलली. त्यात एकही शब्द नव्हता.

आई खुर्चीच्या टोकाला आली. तिनं मूठ पोटावर दाबली, भुवया वर केल्या. आमच्या बोलीत याचा अर्थ, फार दुखलं का?

बाई पापण्यांच्या फटीतून बघत होत्या. त्यांनीही मूठ पोटावर दाबली. भुवया वर केल्या.

आईनं पुन्हा विचारलं. तोच प्रश्न पुन्हा परत आला.

आई उठली. तिनं बाईंची दोन्ही मनगटं धरली आणि हात खाली, त्यांच्या मांडीवर ठेवले. "राहू द्या," म्हणाली. "बोलल्या होत्या तेच बरं होतं. हे नका करू."

बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही मधेच संपर्क तोडला." आई चपला घालून जिना उतरूही लागली होती. खाली रस्त्यावर, पाणीपुरीच्या ठेल्याशेजारी उभी राहून ती मोठ्यानं रडली. दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती. मावशी घाबरून पाठीवरून हात फिरवत राहिली. ठेलेवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्यानंतर आम्ही कुठल्याच बाईंकडे गेलो नाही. मावशी अजून म्हणते, थोडा धीर धरला असता तर ताई बोलली असती. आई तिच्याशी वाद घालत नाही.

ती बोली येणाऱ्या आता आम्ही दोघीच उरलो. मिक्सर चालू असताना मी कधी सवयीनं हातांनीच विचारते, चहा ठेवू का? आईला कळतं. ती हात पदराखाली घेते आणि मिक्सरच्या आवाजावरून ओरडून सांगते, "ठेव."